कोरा फिल्टर

आठवड्यातून एक फिल्टर आम्ही नुसताच हिंडवतो.
बाकीच्यांसारखाच तोही चिमट्याने उचलायचा,
चोवीस तास ठरल्या दमटपणात निजवायचा,
मग तराजू. ग्रॅमच्या पुढे सहा आकडे.
सहावा माझ्या श्वासानेही हलतो
म्हणून मी तोंड फिरवून उभी राहते.
मग डबीत घालून माहुल, वाशी नाका, गोवंडी
असा जीपमधून फिरवायचा,
यंत्राला न लावता परत आणायचा.
त्याला म्हणायचं कोरा.

लावलेला फिल्टर दिवसभरात चोवीस घनमीटर हवा ओढतो,
म्हणजे साधारण दोन माणसांचा दिवस.
संध्याकाळी तो काजळी पुसलेल्या बोटासारखा दिसतो
आणि भरतो तांदळाच्या कणीपेक्षाही कमी.
इतकंच? असं सगळेच विचारतात.
इतकंच.

जानेवारीत गोवंडीच्या शाळेचं वजन चढू लागलं.
अकरा दिवस, ओळीने.
कुणी म्हणालं, देवनारचा कचरा धुमसतोय.
कुणी म्हणालं, मेट्रोची खोदाई.
मी अहवालाचं अर्धं पान लिहूनही टाकलं,
चांगलं लिहिलं होतं.
बाराव्या दिवशी पावणेसातला गच्चीवर गेले
तर लिंबाजी घोलप, शाळेचे शिपाई,
फळे पुसायच्या फडक्याने
आमच्या यंत्राचं डोकं पुसत होते. हळुवार.
पोरगं शाळेत धाडताना पुसतात तसं.
"काय धूळ बसते हो याच्यावर, मॅडम.
रोज पुसतो. पण हे गप काही होत नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली खडूच खडू.
अकरा दिवसांवर लाल पेन: रद्द.
लिंबाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं
आणि खोकले.
त्या खोकल्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

अंधेरीहून धनेश वैद्यांचा फोन येतो,
त्यांची चाळणी बिघडली की आमची मागतात.
एकावर एक आठ चकत्या, वरून हवा सोडायची,
मोठे कण वर अडकतात, बारीक खाली उतरतात.
ते तिच्यातून दम्याच्या औषधाची भुकटी सोडतात.
त्यांना हवा असतो तोच आकार
जो मला नको असतो:
घशाला चुकवून थेट तळाशी जाणारा.
"माझा कण तळापर्यंत पोचत नाहीये हो," ते कुरकुरतात,
आणि मला हसू येतं, मग येत नाही.
चाळणी परत येते तेव्हा मी दोनदा धुते.
कुणाचं कुणाला लागू नये.

परळच्या डॉ. झरीन भरूचांनी एकदा काचपट्टी दाखवली.
फुफ्फुसातली एक पेशी, पोटात काळे ठिपके.
"ही गिळते," त्या म्हणाल्या, "पण पचवू शकत नाही.
मग तशीच बसून राहते, बिचारी."
कुणाचं फुफ्फुस, मी विचारलं नाही.
पत्ता त्यांनीच सांगितला. माझ्या मागची गल्ली.

फेब्रुवारीत लिंबाजींनी रद्दमधला एक फिल्टर मागितला.
देऊ नये असा नियम आहे. दिला.
आता तो सहावी 'ब'च्या फळ्यावर चिकटवलेला आहे,
भोवती खडूचं वर्तुळ, खाली त्यांच्या अक्षरात:
हात लाऊ नये.
एका मुलीने अर्थातच लावलाय,
कडेला अंगठा उमटलाय.
तो पुसू नका, मी म्हटलं.
तेवढं तरी पुसू नका.

आज शुक्रवार. कोऱ्याचं वजन केलं.
कुठेही न उघडलेला, नुसता हिंडून आलेला,
चार मायक्रोग्रॅमने जड.
दर वेळी होतो. कधी तीन, कधी पाच.
कुठून येतं विचारू नका, पद्धत ठरलेली आहे:
हे चार बाकी सगळ्यांतून वजा करायचे
आणि खरा आकडा लिहायचा.

मी वजा करते.
मग तोंड फिरवून पुन्हा एकदा वजन करते.